मस्टँग एक इंच खाली आणताना

माझी मस्टँग जीटी 2016 ची आहे. 5 लिटरचं व्ही-8 इंजिन, आणि इथेच मिशिगनच्या फ्लॅट रॉक कारखान्यात जन्मलेली. कंपनीतून येते तशी ही गाडी जरा उंचच असते. टायर आणि मडगार्डच्या मधल्या फटीत सहज मूठ जाते. दर ऑगस्टमध्ये डेट्रॉइटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर हौशी लोकांच्या गाड्यांची रांग लागते. तिथे खाली बसवलेल्या मस्टँग पाहिल्या की माझी उंच गाडी डोळ्यांना खटकायची. पण नुसतं दिसणं हे कारण नव्हतं. जोरात ब्रेक मारला की नाक खाली जायचं, वळणावर गाडी कलायची, आणि तेच मला जास्त खुपत होतं.

खाली आणायची, पण किती? पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहेत, म्हणजे स्प्रिंग आणि धक्के शोषणारा शॉक एकाच खांबात बसवलेले. गाडी खाली आणली की गुरुत्वमध्य खाली जातो, ते हवंच असतं. पण त्याचबरोबर चाकाला खालून धरणाऱ्या आर्मचा कोन बदलतो आणि गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो रोल सेंटर त्याहूनही जास्त खाली सरकतो. दोन्हींमधलं अंतर वाढलं की गाडीला कलायला जास्त वाव मिळतो. म्हणजे फार खाली आणलेली गाडी दिसते रेसची आणि वळते आधीपेक्षा वाईट. शिवाय चाकाला वर जायला जागा कमी उरते आणि खड्ड्यात शॉक तळाला आपटतो. म्हणून साधारण एक इंच खाली आणणाऱ्या, मूळच्यापेक्षा थोड्या कडक स्प्रिंगा घेतल्या आणि शॉक मूळचेच ठेवले. तेवढ्या फरकाला ते पुरतात.

मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यांवर मीठ पडतं, त्यामुळे सगळे बोल्ट गंजलेले. आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं. गाडी सपाट जमिनीवर उभी असताना चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं माप घेऊन लिहून ठेवलं. हे माप नंतर फार कामाला येतं.

पुढचा स्ट्रट काढणं तसं सरळ आहे. गाडीचं कलणं रोखणाऱ्या अँटी-रोल बारची लिंक, ब्रेकच्या होजचा ब्रॅकेट आणि एबीएसची वायर सोडवायची, मग खालचे दोन मोठे बोल्ट, आणि बॉनेटखालचे वरचे नट सगळ्यात शेवटी. ब्रेक कॅलिपर होजवर लोंबू द्यायचा नाही.

खरी जोखीम त्यापुढे आहे. स्ट्रटवरची स्प्रिंग दाबलेली असते आणि मधला नट तिला धरून असतो. स्प्रिंग दाबून न घेता तो नट सोडला तर वरची प्लेट तोंडावर येऊ शकते. स्प्रिंग कॉम्प्रेसरचे दोन आकडे समोरासमोर लावले आणि आळीपाळीने थोडे थोडे आवळत गेलो, एकदा हा, एकदा तो. इम्पॅक्ट गन लावली नाही. स्प्रिंग बैठकीत सैल होऊन हाताने फिरायला लागली तेव्हाच नटाला पाना लावला, आणि तेव्हाही तोंड बाजूला. नवी स्प्रिंग आखूड असल्यामुळे ती बसवताना फारसं दाबावं लागलं नाही. मात्र तिचं टोक खालच्या बैठकीतल्या पायरीला नीट टेकलंय की नाही हे बोट फिरवून पाहिलं. ते टेकलं नसेल तर पुढे कडकड आवाज येत राहतो.

बाबा त्या उन्हाळ्यात आमच्याकडे आले होते. त्यांची सगळी नोकरी एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये, पाट्यांच्या स्प्रिंगांवर चालणाऱ्या बसखाली गेलेली. मी मागचं काम सुरू केलं तेव्हा ते खुर्ची घेऊन गॅरेजच्या दारात बसले होते.

"जॅक आर्मखाली घेतलायस ना? स्टँड वेगळा आणि जॅक वेगळा."

"हो बाबा, दोन्ही आहेत."

2015 पासून मस्टँगला मागे स्वतंत्र सस्पेन्शन आहे. तिथे स्प्रिंग शॉकवर नसते, खालच्या आर्मवर वेगळी बसते, त्यामुळे कॉम्प्रेसर लागत नाही. आर्मखाली जॅक धरून शॉकचा खालचा बोल्ट, लिंक आणि आर्मचा चाकाकडचा बोल्ट काढला. जॅक हळूहळू उतरवला तशी स्प्रिंग मोकळी झाली. वरचं रबर पुसून नव्या स्प्रिंगवर चढवलं, जोडणी केली आणि ठरलेल्या जोराने आवळायचा टॉर्क रेंच हातात घेतला, तेवढ्यात बाबा म्हणाले, "अरे, गाडी लटकलेली असताना बुशचे बोल्ट आवळायचे नाहीत. भार येऊ दे, मग आवळ."

मॅन्युअलही तेच सांगतं. बुश म्हणजे आर्मच्या सांध्यातला रबरी भाग, आणि त्यातलं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. चाक लटकत असताना बोल्ट आवळला की रबर त्या कोनात अडकतं. गाडी जमिनीवर आली की ते कायम पिळलेलं राहतं, उंची चुकते आणि बुश लवकर फाटते. म्हणून जॅकने चाक वर उचलत नेलं, लिहून ठेवलेल्या मापातून एक इंच वजा होईपर्यंत, आणि त्या उंचीवरच बोल्ट आवळले. चाकांचे नट शेवटी 150 पौंड-फुटांवर. या पिढीला एवढा टॉर्क लागतो. जुन्या मस्टँगचा आकडा इथे चालत नाही.

यानंतर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, करावंच लागतं, ते टाळू नका. खाली आल्यावर पुढचा कॅम्बर, म्हणजे समोरून दिसणारा चाकाचा कल, आणखी उणे होतो (चाकाची वरची बाजू आत झुकते), आणि टो, म्हणजे वरून पाहिल्यावर चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, बदलला तर टायर आतून खाल्ले जातात. मागे कॅम्बर आणि टो दोन्ही जुळवता येतात, पुढे मूळ बोल्टांवर फक्त टो. माझा पुढचा कॅम्बर उणे एक अंशाच्या जरा पुढे आला, तो तसाच ठेवला. रोजच्या वापराला त्याने काही बिघडत नाही.

पुण्याच्या मावसभावाने फोटो बघून लगेच विचारलं, "इकडे करून घेऊ का?" मस्टँग 2016 पासून भारतातही विकली गेली, त्याच्या एका मित्राकडे आहे. मी त्याला स्पष्ट नाही म्हटलं. सोसायटीच्या गेटवरचा गतिरोधक मूळ उंचीलाच पोट घासतो, तिथे एक इंच फार मोठा असतो.

माझ्या गाडीचं म्हणाल तर आता ब्रेक मारल्यावर नाक पूर्वीइतकं झुकत नाही, आणि फ्रीवेच्या गोल रॅम्पवर स्टिअरिंगला परत परत सावरावं लागत नाही. थोडं चालवून झाल्यावर सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासले. एकही सैल नव्हता.