टी पेशींचा आलेख: नोंद ७

लागण झाल्यावर शरीराच्या बचावातल्या टी पेशी कशा वाढतात, त्याचा आलेख मी नियम लावून वहीत काढतेय. त्यातली सीडी८ची, म्हणजे लागण झालेल्या पेशी मारणाऱ्या टी पेशींची, रेघ रविवारी रात्री प्रयोगांतल्या आकड्यांशी जुळली. तीन आठवडे ती दोन लाखांवर येऊन बसत होती.

मी धरलाय एलसीएमव्ही विषाणूची लागण झालेला उंदीर. टी पेशींची मोजदाद या जोडीवर फार बारकाईनं झालीय. विषाणूचा एखादा ठरावीक तुकडा ओळखणाऱ्या सीडी८ पेशी त्याच्या अंगात सुरुवातीला जेमतेम शे-दोनशे. आठव्या दिवशी नुसत्या प्लीहेत कोटीच्या घरात! २०० दुप्पट करत गेलं की सोळाव्या खेपेला १ कोटी ३१ लाख होतात. पहिला दिवस पेशी जाग्या होण्यात जातो. उरलेल्या सात दिवसांत सोळा खेपा, म्हणजे साधारण साडेदहा तासांना एक. मधे मरणाऱ्या धरल्या तर वेग आणखी जास्त. साध्या कागदावर सेंटीमीटरला १०० पेशी धरल्या असत्या, तर रेघ रामबागेतल्या आमच्या घरातून किलोमीटरभर लांब गेली असती. म्हणून खजुरी बाजारातून लॉग-कागद आणला, त्यावर दर दहापटीला सारखंच अंतर लागतं.

चूक नियमात होती. ‘प्रतिजन (टी पेशी ओळखते तो विषाणूचा तुकडा) आहे तोवर विभाजन’ हा एकच नियम मी सीडी८ आणि सीडी४ (मदतनीस टी पेशी) या दोघींना लावला होता. विषाणू ओसरला की सीडी८ दहाव्या खेपेलाच थांबायच्या. पण सीडी८ला प्रतिजनाची दिवसभराची गाठ पुरते. पुढच्या खेपा ती प्रतिजन नसतानाही घेते. उंदरांवरच्या प्रयोगांत हे २००१च्या सुमारास दिसलं. आत्याला सांगितलं तर म्हणाली, “म्हणजे विरजणासारखंच की गं, एकदा लावलं की आपण बाजूला.” अगदी तसंच. सीडी४चं मात्र बासुंदीसारखं, खालची आच चालू हवी. तिला प्रतिजन जास्त वेळ लागतो, वेग कमी, आणि शिखर दहापटीनं किंवा त्याहूनही खाली.

वहीत आता प्रत्येक सीडी८ गटापुढे ‘गाठ पडली’ असा रकाना आहे. तेवढ्यानं रेघ आठव्या दिवशी कोटीला टेकली. मी पट्टी लावून तीनदा पाहिलं!

उतार अजून कच्चा आहे. सीडी८मधल्या नव्वद टक्क्यांहून जास्त पेशी पुढच्या काही आठवड्यांत मरतात आणि उरलेल्या स्मृतिपेशींची (पुढच्या लागणीसाठी टिकून राहणाऱ्या पेशींची) रेघ जवळजवळ सपाट राहते. सीडी४ची स्मृती मात्र हळूहळू झिजत जाते, आणि माझ्या कागदावर दोन्ही सपाटच येताहेत. पुढच्या रविवारी आयएल-७ आणि आयएल-१५ या पेशी जगवणाऱ्या संदेश-प्रथिनांचे रकाने घालून बघते. कुणी सीडी४ची झीज आधी बसवली असेल, तर मृत्युदर कितीचा धरलात ते कळवा.