ऑपरेटरविना जेसीबी-पोकलेन महिन्यावर घेताना

मार्च उजाडला की खान्देशात यंत्रांची ओढाताण सुरू होते. पऱ्हाट्या उपटून झालेल्या असतात, गहू-हरभरा काढणीला आलेला असतो, आणि शेततळी, नाला खोलीकरण, धरणातला गाळ, पाइपलाइनचे चर, रस्त्याचे भराव ही सगळी कामं मृगाच्या आत उरकायची असतात. तासावर जेसीबी मिळेनाशी झाली की छोटे कंत्राटदार महिन्यावर, ऑपरेटरविना यंत्र घ्यायचा विचार करतात. भाडं कमी पडतं, कारण ऑपरेटरचा पगार, भत्ता, राहणं-जेवण मालकाकडे नसतं, आणि आपला माणूस तर हाताशी असतोच.

मात्र ऑपरेटर मालकाचा असला की यंत्रावर मालकाचं लक्ष असतं. सकाळी ग्रीस मारणं, आवाज बदलला की काम थांबवणं, होज (ऑइलचा रबरी पाइप) पाझरतोय म्हणून फोन करणं, हे तो न सांगता करतो आणि भाड्याने घेणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. तो नसला की हे सगळं तुमच्याकडे येतं. कोणाचं काय हे कागदावर नसेल, तर हिशोब यंत्र परत करताना डिपॉझिटमधून निघतो. म्हणून दरावर घासाघीस करण्याआधी ताबा घेतानाची पाहणी आणि झिजेची वाटणी या दोन गोष्टी पक्क्या करा, असं माझं मत आहे.

दोन-चार दिवसांचं शेततळं किंवा घराचा पाया असेल तर या वाटेला जाऊच नका, ऑपरेटरसकट घ्या. स्वतःचा कायमचा ऑपरेटर, महिनाभराचं सलग काम आणि साइटवर डिझेल-ग्रीसची सोय, या तिन्ही गोष्टी असतील तरच ऑपरेटरविना परवडतं.

बोलणी करताना नुसतं ‘ड्राय’ (ऑपरेटरविना) म्हणून थांबू नका. डिझेल पार्टीचं आणि ऑपरेटर मालकाचा, यालाही बरेच जण ड्रायच म्हणतात. डिझेल, ऑपरेटर, ग्रीस, इंजिन ऑइल, फिल्टर, बकेटचे दात, टायर किंवा चेन, होज, लो-बेडचं (यंत्र वाहून नेणाऱ्या ट्रेलरचं) जाणं-येणं, एकेकाचं नाव घेऊन ते कोणाकडे हे लिहून घ्या. साधारण न्याय्य वाटणी अशी: डिझेल, रोजचं ग्रीस, दात आणि पंक्चर घेणाऱ्याकडे, ठरलेल्या तासांची सर्व्हिस, इंजिन, हायड्रॉलिक पंप, ट्रान्समिशन मालकाकडे, चुकीच्या वापराने मोडलं तर घेणाऱ्याकडे. होजवरून भांडणं सर्वांत जास्त होतात. त्यासाठी सोपा नियम: ताबा घेताना ज्या होजची तार उघडी दिसते त्यांची यादी करा. त्या फुटल्या तर मालकाच्या, बाकीच्या तुमच्या.

महिन्याचा करार बहुधा २०० तासांचा असतो, वरच्या तासांचा दर वेगळा. अवर मीटर इंजिन चालू असेल तोवर पळतो, बकेट हलो न हलो. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४४-४५ वर गेला की ऑपरेटर दुपारी इंजिन चालू ठेवून एसी केबिनमध्ये बसतो. यात त्याचा दोष नाही, पण रोजचे दोन तास असे गेले तर महिन्याला पन्नासेक तासांचं भाडं आणि डिझेल फुकट जातं. त्यापेक्षा सकाळी ६ ते ११ आणि संध्याकाळी ४ नंतर अशी पाळी लावा, आणि दुपारी झोपायला सावलीची, पाण्याची नीट व्यवस्था करा. तेच स्वस्त पडतं.

डिझेलचा अंदाज आधी मांडा. ३डीएक्स वर्गातली जेसीबी कामानुसार ताशी ४ ते ६ लिटर खाते, २० टनी पोकलेन १२ ते १८ लिटर. म्हणजे २०० तासांना जेसीबीला ८०० ते १२०० लिटर आणि पोकलेनला २४०० ते ३६०० लिटर. टाकी भरलेली घ्यायची, भरलेली द्यायची. रोज संध्याकाळी टाकी भरताना मीटरचे तास आणि लिटर शेजारी-शेजारी लिहा. काम तेच असून आकडा अचानक वाढला तर डिझेल चोरी, चोंदलेला एअर फिल्टर किंवा नुसतं उभं इंजिन, यांपैकी काहीतरी असतं. ड्रममधून भरत असाल तर ड्रमच्या तळाचं डिझेल टाकीत घेऊ नका आणि वॉटर सेपरेटरचं पाणी रोज सकाळी सोडा.

आता पाहणी. ती घाईत उरकू नका, दोन तास द्या आणि तुमचा ऑपरेटर सोबत न्या. पोहोचल्यावर आधी इंजिनाजवळ हात नेऊन बघा. आधीच गरम असेल तर थंड इंजिनाचा स्टार्ट तुम्हाला दिसणार नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी या. थंड इंजिन सुरू होताना थोडा धूर चालतो. तापल्यावरही निळसर धूर असेल तर ऑइल जळतंय, जोर देताना सतत काळा असेल तर एअर फिल्टर किंवा इंजेक्टर, आणि पांढरा जातच नसेल तर इंजेक्टरची किंवा कूलंट आत शिरण्याची शंका घ्या. डिपस्टिकवर दुधाळ ऑइल दिसलं तर व्यवहार तिथेच थांबवा.

हायड्रॉलिक मात्र थंडपणी तपासू नका. थंड ऑइल घट्ट असतं, झिजलेले सील लपवतं. तासभर काम करून ऑइल तापू द्या, मग भरलेली बकेट वर धरून लिव्हर सोडा आणि पाचेक मिनिटं बघा. आसपास कोणी उभं नको. बूम (यंत्राचा मोठा हात) किंचित उतरला तर चालतं, डोळ्यांदेखत खाली येत असेल तर सिलिंडरचा सील किंवा व्हॉल्व्ह गेलेला आहे. होजची गळती कधीही हात फिरवून शोधू नका. सुईएवढ्या भोकातून येणारं ऑइल कातडीखाली घुसतं आणि बोट कापायची वेळ येते. पुठ्ठ्याचा तुकडा धरा, ओला झाला की कळतं.

पिन-बुशसाठी बकेट जमिनीवर टेकवा. ऑपरेटरने लिव्हर अगदी थोडा वर-खाली करायचा आणि तुम्ही बाजूला उभं राहून जोडाकडे बघायचं. बुश खाल्लेला असेल तर आधी पिन सरकते, मग बकेट हलते. तो फरक पट्टी ठेवून मोबाइलवर व्हिडिओत घ्या. जेसीबीला हाच प्रयोग किंगपोस्टवर, म्हणजे मागचा हात डावी-उजवीकडे वळतो त्या जोडावर करा. पोकलेनला बकेट टेकवून बूम हलका दाबा आणि स्लू रिंगपाशी (जिच्यावर केबिनचा भाग गोल फिरतो तिथे) वरचा भाग किती उचलतो ते बघा. नंतर दात मोजा, साइड कटर बघा, टायरचे काप बघा. मीटरचा, सिरियल नंबरच्या प्लेटचा आणि चारही बाजूंचा फोटो काढा. हे सगळं एका कागदावर, दोघांच्या सह्या.

चेनवर थोडं जास्त लिहितो, कारण आपल्याकडची काळी माती तिचा जीव घेते. चेनचा ताण मोजायला पोकलेनची एक बाजू बूमच्या जोराने उचलायची, चेन लोंबू द्यायची आणि मधोमध फ्रेमच्या खालच्या कडेपासून चेनच्या पट्ट्यापर्यंतचं अंतर घ्यायचं. २० टनी यंत्राला ते ढोबळ ३० ते ३५ सेंमी असतं, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. मुरमात, दगडात चेन त्या मापात हवी, फार सैल असेल तर वळताना उतरते. ओल्या काळ्या जमिनीत मात्र थोडी सैल ठेवावी लागते. चिखल स्प्रॉकेटच्या (चेन ओढणाऱ्या दातेरी चाकाच्या) दातांत आणि चेनच्या बुशांत भरून दबतो, चेन आपोआप आवळली जाते, आणि त्या ताणाने स्प्रॉकेट, आयडलर (पुढचं चाक), बुश सगळंच झपाट्याने खाल्लं जातं. सैल करताना ग्रीसचा व्हॉल्व्ह सावकाश फिरवायचा, एका फेऱ्याच्या पुढे नाही, आणि तोंड त्याच्या समोर कधीच नाही. आतलं ग्रीस प्रचंड दाबाखाली असतं, व्हॉल्व्ह उडाला तर गोळीसारखा येतो. संध्याकाळी चेनमधली माती फावड्याने काढूनच यंत्र उभं करा. रात्रीत ती वाळली की सकाळी दगड होते.

जमीन तालुक्यागणिक बदलते, त्याप्रमाणे करार बदला. रावेर, यावल, चोपड्याकडच्या तापीकाठच्या गाळाच्या मातीत खोदकाम लोण्यासारखं होतं, दात टिकतात, पण चराच्या भिंती न सांगता ढासळतात. चर जितका खोल, निदान तितकं अंतर सोडूनच यंत्र उभं करा आणि उपसलेली माती काठावर रचू नका. धुळे-नंदुरबारच्या बाजूला उलटं आहे. तिथे बेसॉल्टमध्ये उभ्या डाइकच्या, म्हणजे कठीण दगडाच्या, भिंती घुसलेल्या आहेत. चांगल्या मुरमात चाललेली बकेट अचानक अशा दगडावर येते आणि ऑपरेटर जोर करत बसला तर दात, अडॅप्टर, शेवटी बूमच्या वेल्डला तडा. तिथे ब्रेकर (बकेटच्या जागी लावायचा दगडफोड हातोडा) लागतो, आणि ‘ब्रेकर चालणार की नाही’ हे करारात नसेल तर लावूच नका. ब्रेकरच्या कामात हायड्रॉलिक ऑइल आणि फिल्टरची मुदत निम्म्याहून खाली येते, छिन्नीच्या बुशला दर दोन तासांनी ग्रीस लागतं, एका जागी अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त ठोकायचं नसतं. छिन्नीने दगड उचकटला की छिन्नी मोडते. मी मालक असतो तर ब्रेकरसाठी यंत्र ऑपरेटरविना दिलंच नसतं.

रोजची निगा: दर ८-१० तासांनी सगळ्या पिनांना ग्रीस, सकाळी इंजिन ऑइल, कूलंट, हायड्रॉलिक ऑइलची पातळी. धुळीत एअर फिल्टरचा बाहेरचा भाग कमी दाबाच्या हवेने आतून बाहेर साफ करा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरच्या पूर्ण दाबाने मारलं की कागद फाटतो आणि धूळ सरळ इंजिनात जाते. आतल्या फिल्टरला हात लावू नका. रेडिएटरच्या जाळीत धूळ आणि काडीकचरा बसतो, उन्हाळ्यात इंजिन तापण्याचं ते पहिलं कारण. टर्बो असेल तर बंद करण्याआधी तीन-चार मिनिटं मोकळं चालू द्या. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या स्टेज-५ प्रदूषण नियमांच्या यंत्रांत बहुधा धुराचा फिल्टर असतो, काहींना डीईएफही (धुरातलं प्रदूषण कमी करणारं युरियाचं द्रावण) लागतं. फिल्टर साठलेली काजळी जाळून स्वतःला साफ करतो तेव्हा सायलेन्सर फार तापतो, तेव्हा यंत्र पऱ्हाट्यांच्या गंजीजवळ किंवा वाळल्या चाऱ्यात उभं करू नका.

तुमचा ऑपरेटर कितीही जुना असला तरी त्या यंत्रावर नवा आहे. लिव्हरचा पॅटर्न कंपनीनुसार बदलतो. पहिला अर्धा तास मोकळ्या जागेत चालवू द्या, माणसांपासून आणि तारांपासून लांब. शेतातल्या ११ केव्हीच्या तारांपासून बूमचं टोक किमान ३ मीटर लांब राहिलं पाहिजे, आणि मे महिन्यात तारा उन्हाने खाली लोंबतात हे लक्षात ठेवा.

कागदांचं. टायरवाल्या जेसीबीला आरटीओची नोंदणी आणि विमा लागतो, रस्त्यावर नेणाऱ्याकडे त्या वर्गाचा परवाना हवा. चेनच्या पोकलेनला पासिंग नसतं, म्हणून तिची ओळख बिल आणि सिरियल नंबरवरूनच पटवा. फायनान्सचे हप्ते थकलेले नाहीत ना, तेही विचारा, नाहीतर ऐन कामात फायनान्सवाले तुमच्या साइटवरून यंत्र उचलून नेतील. काम करताना होणारं नुकसान कॉन्ट्रॅक्टर्स प्लँट अँड मशिनरी पॉलिसीत येतं. त्यात आतला मेकॅनिकल बिघाड, टायर, दात यांसारखा झिजणारा माल धरत नाहीत, आणि यंत्र दुसऱ्याच्या ताब्यात दिल्याचं विमा कंपनीला कळवलेलं असावं लागतं. ऑपरेटर तुमचा, तर त्याच्या अपघाताची भरपाईही तुमच्यावर, त्याचा विमा वेगळा काढा. जीएसटी १८ टक्के. टीडीएसची मर्यादा ओलांडली तर यंत्राच्या भाड्यावर २ टक्के.

मालकांना सर्वांत मोठी भीती वाळूची असते, आणि ती खरी आहे. दिवसा नाल्यावर असलेलं यंत्र रात्री गिरणेच्या किंवा तापीच्या पात्रात सापडलं, तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली गौण खनिजाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो, आणि यंत्र जप्त होऊन तहसीलच्या आवारात उभं राहतं. मुरूमही त्यातच येतो. म्हणून करारात गट नंबरासह जागा लिहा, परवानगीची प्रत जोडा, आणि जप्तीच्या काळातलं भाडं कोणाचं तेही लिहा. लाइव्हलिंक, कोमट्रॅक्स यांसारखी सोय असलेल्या यंत्राचं ठिकाण आणि चालू तास मालकाला घरबसल्या दिसतात. प्रामाणिक भाडेकरूलाही तोच पुरावा कामी येतो. एकाच कंपनीच्या कित्येक यंत्रांना एकच किल्ली लागते, तेव्हा रात्री बॅटरीचा मास्टर स्विच बंद करून त्या स्विचची किल्ली स्वतःकडे ठेवा.

तारखा ठरवताना पंचांग बघा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ऑपरेटर गावी जातात आणि चार-पाच दिवस यंत्र उभं राहतं, तेवढे दिवस आधीच वजा करून मागा. पहिल्या मोठ्या पावसानंतर काळ्या शिवारातून यंत्र निघत नाही, लो-बेड शेतापर्यंत येत नाही आणि भाडं चालू राहतं. म्हणून मेअखेरीस यंत्र डांबरी रस्त्याला लागलंच पाहिजे. पोकलेन रस्त्याने चालवत नेण्याचा मोह टाळा. एक-दोन किलोमीटरच्या पुढे रोलर तापतात, डांबरही उखडतं.

परत करताना यंत्र धुऊन, टाकी भरून, ताब्याच्या वेळचा कागद हातात धरून त्याच क्रमाने पुन्हा बघा: तोच मीटर, तेच फोटो, तीच पिन, तोच व्हिडिओ. दात आणि होजचा हिशोब तिथेच करा. डिपॉझिट किती दिवसांत मिळणार ते त्याच कागदावर लिहून मालकाची सही घ्या, आणि ती झाल्यावरच यंत्र लो-बेडवर चढवा.