दर बदलला त्या रात्रीची प्रोसिजर

हॉटेलच्या खोल्यांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून बदलणार, हे जीएसटी परिषदेच्या ३ सप्टेंबरच्या बैठकीनंतर जाहीर झाले आणि लगेच कळंगुट-कांदोळी पट्ट्यातील एका हॉटेलच्या लेखा विभागाचा मला फोन आला. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला १२ टक्क्यांऐवजी ५ टक्के, तेही इनपुट टॅक्स क्रेडिटविना, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीविना; त्याहून महाग खोलीला पूर्वीप्रमाणेच १८ टक्के. या हॉटेलच्या बिलिंगचा डेटाबेस पणजीच्या आमच्या कचेरीतून मी सांभाळते. तो मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरवर चालतो आणि खोलीचे बिल तयार करण्याचे सारे काम एकाच स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये, म्हणजे डेटाबेसमध्येच जतन केलेल्या कोडमध्ये, आहे.

ती प्रोसिजर उघडली की जीएसटीचा इतिहासच वाचायला मिळत असे. २०१७ मधील महागड्या खोल्यांचे २८ टक्के, १ ऑक्टोबर २०१९ ची कपात, १८ जुलै २०२२ रोजी संपलेली हजार रुपयांखालील खोल्यांची सूट, अशा प्रत्येक बदलासाठी कोणी ना कोणी एक ‘इफ’ (अट) जोडत गेले होते. आणखी एक इफ जोडून मोकळे होता आले असते. मात्र करांचे दर कोडमध्ये लिहून ठेवणे मला मुळातच पटत नाही. म्हणून सर्व दर, ते लागू होण्याच्या तारखांसह, मी एका स्वतंत्र टेबलात हलवले आणि प्रोसिजर तेथून दर वाचील अशी रचना केली. मध्यरात्र ओलांडणाऱ्या मुक्कामांचा गुंता हॉटेलच्या सनदी लेखापालांनी सोडवून दिला: सेवा, बिल आणि पैसे या तिन्हींपैकी दोन गोष्टी दर बदलण्याच्या ज्या बाजूला पडतील, त्या बाजूचा दर लावायचा. चाचणीच्या प्रतीवर जुनी-नवी बिले ताडून पाहिली, सगळे जुळले.

२१ तारखेच्या रात्री, रविवारी, बदल चढवायचा होता. दुसऱ्या दिवशी घटस्थापना असल्याने फोंड्याला घरी मखराची धांदल चालू होती आणि मी लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत बसले होते. हॉटेलच्या सर्व्हरवर मॅनेजमेंट स्टुडिओ, म्हणजे डेटाबेस हाताळण्याचा खिडक्यांचा प्रोग्राम, नाही, त्यामुळे तेथील आयटीच्या मुलाने त्यांच्या नेहमीच्या पद्धतीने, एसक्यूएलसीएमडी हे कमांड लाइनवरचे साधन वापरणाऱ्या बॅच फाइलमधून माझी स्क्रिप्ट चालवली. कोणतीही त्रुटी न दाखवता ती पूर्ण झाली.

साडेबाराच्या सुमारास रिसेप्शनवरून फोन आला. “बाय, बिल येना. गिरायकाक मोपा वचपाचें आसा.” मोपा विमानतळावरून पहाटेच्या विमानासाठी निघालेले पाहुणे काउंटरवर खोळंबले होते आणि पडद्यावर ‘बिल तयार झाले नाही’ एवढाच संदेश येत होता. त्यांना तूर्त हाती लिहिलेली बिले द्यावीत असे सांगून मी दूरस्थ जोडणीवरून ट्रान्झॅक्शन उघडले, प्रोसिजर स्वतः चालवली आणि लगेच रोलबॅक केला, म्हणजे झालेले बदल मागे घेतले. मूळ त्रुटी समोर आली: क्रमांक १९३४, सेट पर्याय (सेटिंग्ज) चुकीचे असल्यामुळे इन्सर्ट, म्हणजे टेबलात नवी ओळ घालणे, फसला, आणि त्या पर्यायाचे नाव क्वोटेड आयडेंटिफायर.

हा पर्याय दुहेरी अवतरणचिन्हांचा अर्थ ठरवतो: तो चालू असेल तर त्यांतील मजकूर हे एखाद्या कॉलमचे किंवा टेबलाचे नाव, बंद असेल तर साधा मजकूर. माझ्या प्रोसिजरमध्ये दुहेरी अवतरणचिन्ह एकही नव्हते, म्हणून त्रुटी वाचून क्षणभर मी चक्रावले. चाचणीच्या प्रतीवरील आणि हॉटेलमधील प्रोसिजरचा मजकूर अक्षरशः एक होता.

“मॅडम, ड्रॉप करून परत क्रिएट करूया का?” आयटीच्या मुलाने विचारले. मी नको म्हटले. ड्रॉप केल्यावर, म्हणजे काढून टाकल्यावर, त्या प्रोसिजरवर दिलेल्या परवानग्याही जातात. आल्टर केल्यास, म्हणजे आहे तीच बदलल्यास, त्या राहतात. रात्री एक वाजता रिसेप्शनच्या लॉगिनला ती चालवण्याची परवानगीच नाही, अशी दुसरी भानगड मला उभी करायची नव्हती. शिवाय पुन्हा त्याच बॅच फाइलमधून क्रिएट केली असती, तर मूळ त्रुटी तशीच राहिली असती.

सिस-एसक्यूएल-मॉड्यूल्स या कॅटलॉग व्ह्यूमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या स्वतःच्या नोंदवहीत, प्रोसिजरच्या मजकुरासोबत, ती जतन होताना क्वोटेड आयडेंटिफायर आणि एएनएसआय नल्स (रिकाम्या किमतींची तुलना कशी करायची ते ठरवणारा) हे पर्याय कसे होते, याचीही नोंद असते. माझ्या प्रतीवर पहिल्याची नोंद १ होती, हॉटेलात ०. मॅनेजमेंट स्टुडिओ हा पर्याय आपोआप चालू ठेवतो. एसक्यूएलसीएमडी, मोठ्या आय अक्षराचा स्विच दिला नाही तर, बंद ठेवतो. आणि बिलांच्या टेबलावर केवळ थकीत बिलांसाठी केलेला फिल्टर्ड इंडेक्स, म्हणजे निवडक ओळींचीच शोधसूची, होता. असा इंडेक्स असलेल्या टेबलात हा पर्याय बंद असताना काहीही लिहू दिले जात नाही. पूर्वीची प्रोसिजर पर्याय चालू असताना जतन झालेली असल्याने इतकी वर्षे कोणाला काही जाणवले नव्हते.

मुलाने सुचवले की प्रोसिजरच्या आतच पर्याय चालू करावा. तसे करून उपयोग नसतो, कारण आत लिहिलेल्या त्या ओळीने काहीच बदलत नाही. जतन होतानाची स्थितीच कायम राहते. आल्टरच्या आधी दोन्ही पर्याय चालू करणाऱ्या ओळी, त्यांच्यानंतर ‘गो’ (येथवरचा भाग आधी चालवावा, ही खूण), आणि मग पूर्ण आल्टर, अशी स्क्रिप्ट मी पुन्हा पाठवली. नोंद १ झाली आणि पुढच्या पाहुण्याचे बिल ५ टक्क्यांनी निघाले.

झोपण्यापूर्वी मी त्या डेटाबेसमध्ये ० नोंद असलेल्या बाकीच्या प्रोसिजरही शोधल्या. जुन्या अहवालांच्या काही निघाल्या. फिल्टर्ड इंडेक्सच्या टेबलात त्या काही लिहीत नसल्यामुळे बिनबोभाट चालत होत्या. त्यांतील एकीत मजकूर सर्रास दुहेरी अवतरणांत लिहिलेला होता, म्हणजे पर्याय चालू करून ती तशीच जतन केली असती तर प्रत्येक मजकूर कॉलमचे नाव समजला जाऊन अहवालच बंद पडला असता. तिची अवतरणे आधी एकेरी करणे भाग होते, आणि ते काम नवरात्रानंतर करू असे मी लेखा विभागाला कळवले. बॅच फाइलमध्ये तो स्विच मात्र त्याच रात्री घालून घेतला.