तुम्ही विचारलंत म्हणून: शिडाच्या होडीला मोटर कुठली घ्यावी?

सहा एचपीची, फोर-स्ट्रोक, लांब शाफ्टची, म्हणजे मोटरपासून पंख्यापर्यंतचा दांडा लांब असलेली. मुंबई बंदरात बावीस-चोवीस फुटी शिडाची होडी ठेवणारा कुणी ‘जुनी आउटबोर्ड (मागच्या फळीला टांगायची मोटर) संपली, आता कुठली घेऊ?’ असं विचारतो, तेव्हा मी एवढंच सांगतो. त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, मग दहाचीच का नको? वेळेला जोर असलेला बरा.’ प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी ही मोटर लागते कधी ते बघा. सकाळचा मतलई वारा अकराच्या सुमारास मरतो आणि खारा वारा धरायला दुपार उजाडते. मधल्या वेळात पाणी तेलासारखं सपाट होतं आणि शीड नुसतं लोंबकळतं. ओहोटी मात्र थांबत नाही. मोठ्या उधाणाला मुंबईत पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं आणि सहा तासांत जवळजवळ तेवढंच उतरतं. ते सगळं बंदराच्या तोंडातून बाहेर जातं, आणि दोन-तीन नॉटची (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) ओढ तुम्हाला कुलाब्याच्या टोकापलीकडच्या प्रॉंग्ज खडकांच्या दिशेने घेऊन निघते. अशा वेळी तुम्ही जहाजांच्या चॅनेलमध्ये असाल आणि न्हावाशेव्याकडे जाणारं कंटेनर जहाज समोर आलं, तर ते तुमच्यासाठी वळू शकत नाही. चॅनेलबाहेर त्याला खोलीच नसते. टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला नववा नियम सांगतो की २० मीटरपेक्षा लहान होडीने किंवा शिडाच्या होडीने अशा जहाजाची वाट अडवू नये. वारा पडला म्हणून त्यातून सुटका नाही. मोटर घ्यायची ती या वारा पडलेल्या वेळेसाठी. तेव्हा ती दोरीच्या पहिल्या-दुसऱ्या हिसक्यात सुरू झाली पाहिजे आणि पंखा पाण्यात राहिला पाहिजे.

आता दहा एचपीचं बघू. कील (तळाखालचा वजनदार पंख) असलेल्या जड होडीचा वेग तिच्या पाण्यातल्या लांबीने बांधलेला असतो. ती लांबी फुटांत मोजून तिचं वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा, साधारण तेवढे नॉट. १९ फुटांना पावणेसहाच्या थोडं वर उत्तर येतं. त्यापुढे होडी स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढायला बघते, मागची बाजू खाली बसते, आणि जादाचं पेट्रोल नुसती लाट मोठी करण्यात जातं. टनाला चार एचपी हा जुना ठोकताळा आहे. माणसं, नांगर, पाणी, सामान धरून अशी होडी सव्वा ते दीड टन भरते, म्हणजे पाच ते सहा एचपी. तेवढ्यावर ती शांत पाण्यात पाच नॉट सहज धरते आणि तीन नॉटच्या ओढीविरुद्धही पुढे सरकत राहते.

शिवाय वजन. चार, पाच, सहा एचपीच्या मोटरी बहुधा एकाच सिलिंडरवर बांधलेल्या असतात. तोहात्सूच्या या तिन्ही मोटरी १२३ सीसीच्याच आहेत, म्हणून चारची घेऊन वजन वाचत नाही. या गटातल्या मोटरी २५ ते २८ किलोंच्या आसपास असतात. आठ-दहावर गेलात की दोन सिलिंडर येतात आणि वजन ३७-४० किलोंच्या पुढे जातं. आपल्या होड्या धक्क्याला नसतात, मुरिंगवर, म्हणजे पाण्यातच बोयाला बांधलेल्या असतात. हलत्या होडीच्या मागच्या फळीवरून मोटर उचलून डिंगीत, म्हणजे ने-आण करायच्या छोट्या होडीत, उतरवायची म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्याला बारा किलोंचा फरक समजावून सांगावा लागत नाही. पंचवीस किलो एकटा माणूस बूमला (शिडाच्या खालच्या आडव्या काठीला) टांगलेल्या कप्पीने सावकाश उतरवू शकतो. चाळीस किलोंना दोघं लागतात, आणि त्यातला एक डिंगीत उभा असतो, जिथे कुणीच उभं राहू नये.

माझ्या मते लोक सर्वांत कमी विचार शाफ्टच्या लांबीचा करतात. शॉर्ट १५ इंच, लाँग २०, एक्स्ट्रा लाँग २५. दुकानात शॉर्ट पटकन मिळते, म्हणून तीच घेतली जाते. गेटवेसमोर मांडव्याची लाँच शेजारून गेली की काय होतं ते नीट बघा. तिच्या लाटेवर होडीचं नाक खाली जातं, मागची बाजू वर येते आणि शॉर्ट शाफ्टचा पंखा हवा ओढायला लागतो. मोटर किंचाळते, ढकलणं थांबतं, आणि थंडाव्याच्या पाण्याची मागून पडणारी बारीक धार तुटते. ते पाणी खेचणाऱ्या पंपातला रबरी इम्पेलर (पात्यांचं चाक) पाण्याशिवाय फिरला की पाती जळायला वेळ लागत नाही. म्हणून मोजायचं ते होडी पाण्यात असताना, दोन माणसांना पुढे डोलकाठीपाशी उभं करून. मोटर बसवायचा कंस पूर्ण खाली असताना पंख्याच्या वरची आडवी पट्टी तेव्हाही चांगली पाण्याखाली राहिली पाहिजे. फळी उंच असेल तर सरळ २५ इंची घ्या. शिडाच्या होड्यांसाठी म्हणून बनवलेल्या सहा एचपीच्या मोटरी मिळतात, त्यांना ही लांबी, कमी पिचचा (एका फेऱ्यात कमी अंतर कापणारा, पण जोर देणारा) रुंद पात्यांचा पंखा आणि बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर असतो. थोडं थांबावं लागलं तरी तीच मागवा. नाहीतर निदान पंखा तरी बदलून घ्या. सोबत येणारा बहुधा हलक्या रबरी होडीला पळवण्यासाठी असतो.

टू-स्ट्रोक हलकी, दुरुस्तीला सोपी, आणि मच्छीमार बांधवांमुळे तिचे जाणकार किनाऱ्यावर भेटतात. पण ऑइल मिसळणं, धूर, पेट्रोलचा खप. मी ती आता सुचवत नाही. फोर-स्ट्रोकचं एकच पथ्य: गाडीत आडवी ठेवताना कंपनीने खुणेने दाखवलेल्या बाजूवरच ठेवा, नाहीतर ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं.

मोटर कुठलीही घ्या, तिला मारणार आहे ते पेट्रोल. आपल्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि बहुतेक आउटबोर्ड कंपन्या १० टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात. घेण्याआधी हँडबुकात हा आकडा बघा आणि विक्रेत्याकडून वॉरंटीबद्दल लेखी घ्या. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि बंदरातल्या हवेत ओलीला तोटा नाही. पुरेसं पाणी जमलं की ते इथेनॉलसकट टाकीच्या तळाशी बसतं, आणि नळी नेमकी तळातूनच ओढते. कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल जायचं छिद्र, केसाएवढा असतो. त्यात हिरवट-पांढरा थर धरला की मोटर सुरू होते, मिनिटभर चालते आणि थ्रॉटल दिला की गपकन बंद पडते. म्हणून पेट्रोल लागेल तेवढंच भरा, पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा, आणि होडीवरून उतरताना कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून वाटी रिकामी करा. त्याआधी मोटर गोड्या पाण्याच्या पिंपात दहा मिनिटं चालवून आतलं मीठ धुवायची सवय यातच आली.

जुनी वापरलेली मिळत असेल तर गिअर ऑइलचा खालचा स्क्रू उघडायला सांगा. ऑइल दुधाळ निघालं तर सील गेलंय, पाणी आत शिरतंय. विकणारा उघडू देत नसेल तर पुढे बोलू नका.

बॅटरीच्या मोटरीबद्दल पुण्याहून हमखास विचारणा होते. खडकवासला किंवा पवनेवर होडी असेल तर बिनदिक्कत तीच घ्या. ते शहरांचं पिण्याचं पाणी आहे, त्यात तेलाचा थेंब पडायला नको, आणि तिथे ओढही नसते. समुद्राचा हिशोब वेगळा. या वर्गातल्या टॉर्कीडो ११०३ मोटरीची बॅटरी ९१५ वॉट-तासांची, ई-प्रोपल्शनच्या स्पिरिटची १२७६. मोटर पूर्ण जोरावर हजार-अकराशे वॉट खाते. म्हणजे पाऊण-एक तास, फार तर सव्वा. उधाणाची ओहोटी सहा तास चालते.

खरेदीला जून-जुलै चांगला. होड्या पावसाळ्यासाठी वर काढलेल्या असतात, कंस आणि फळी निवांत तपासता येते, आणि मोटर परदेशातून यायला उशीर झाला तरी नारळी पौर्णिमेनंतरचा हंगाम हातात राहतो. पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याकडे त्याच मॉडेलचा इम्पेलर, स्पार्क प्लग, पंख्याची पिन आणि मोटरऐवजी स्वतः झिजणारा झिंकचा तुकडा मागा. ‘मागवून देतो’ म्हणाला तर दुसरं दुकान बघा, मग मोटर कितीही नावाजलेली असो. काउंटरवर काढून ठेवले, तर तेही त्याच बिलात घ्या.