सरगुंड्या विकायच्या, तर जाहिरात फुकटात

उन्हाळ्यात वर्धा-यवतमाळकडच्या गावांत पापड, कुरड्या, सरगुंड्या अशी वाळवणं घरोघरी होतात. विक्रीचं गाडं मात्र आठवडी बाजारापाशीच अडतं. व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप फुकट आहे. त्यात आधी कॅटलॉग भरा: फोटो, पाव किलोचा भाव, माल कधी केला ती तारीख. 500 वस्तू मावतात, आपल्याला आठ-दहा पुरे.

खरी गोम ब्रॉडकास्ट यादीत, म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या यादीत आहे. एका यादीत 256 जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही, त्यांना मेसेज पोचतच नाही. मग 'पाठवलं तर होतं' म्हणत बसा! म्हणून पुडीवर नंबर छापा आणि गिऱ्हाईक समोर असतानाच सेव्ह करायला सांगा. गावच्या ग्रुपवर रोज फोटो टाकू नका. लोक म्यूट करून मोकळे होतात.

फोटो सकाळी आठच्या आत, अंगणातल्या सावलीत काढा, मागे गडद रंगाचं लुगडं धरून. दुपारच्या उन्हात कुरडई म्हणजे नुसता पांढरा डाग. स्टेटस 24 तासांत जातं, तेव्हा ते बाजाराच्या आदल्या संध्याकाळी टाका. रात्री जेवणं उरकल्यावर लोक मोबाईल पाहतात, आणि सकाळी पिशवी घेऊन निघताना तुमचा माल डोक्यात असतो.