रखमा, आणि आजीची एक अट

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यापासून मी नौपाड्यात आईकडेच होते. डिंकाच्या लाडवांसाठी आईने माळ्यावरचा पितळी डबा काढला. घासून पुसून झाल्यावर झाकणावर ठिपक्याठिपक्यांची अक्षरं उमटली: ‘चि. सौ. कां. रखमा हिस मामाकडून’.

आजीचं नाव सुमती. रेशनकार्डावर, बँकेच्या पासबुकात, सगळीकडे सुमतीच. लग्नात आजोबांनी तांदळाच्या ताटात अंगठीने जे नाव लिहिलं ते हे. रखमा फक्त त्या झाकणावर उरली होती. मुलगी झाली तर रखमा, हे मी तिथेच ठरवलं. नवऱ्यालाही नाव आवडलं.

मुलगी झाली आणि खरा प्रश्न सुरू झाला. आई म्हणाली, “अगं, भांडी घासायला येणाऱ्या बाईचं नाव वाटेल.” मला फार लागलं ते. रखमा म्हणजे रुक्मिणी, पंढरपूरची रखुमाई. देवघरात चालते, मग पाळण्यात का चालू नये? गंगू, सखू, रखमा ही नावं नाटकं-मालिकांनी वर्षानुवर्षं मोलकरणींना वाटून टाकली आणि आपण ती आपल्या घरातून काढून टाकली. घाम गाळून कमावणाऱ्या बाईने लावलं म्हणून नाव हलकं होत नाही. हलकी आपली नजर असते.

आईला मी डॉ. रखमाबाईंची गोष्ट सांगितली. १८६४ सालचा जन्म, अकराव्या वर्षी लग्न. मोठेपणी त्यांनी नांदायला जायला नकार दिला, तेव्हा नवरा कोर्टात गेला. १८८७ साली निकाल लागला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. पुढे तडजोड झाली, त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोटला त्यांनी कितीतरी वर्षं बायकांवर उपचार केले. आई ऐकत राहिली. “हे मला कुणी सांगितलंच नव्हतं,” एवढंच म्हणाली.

जुनं ते सगळंच उचलावं असं मात्र मला वाटत नाही. मुलं जगत नसत त्या घरांत नजर लागू नये म्हणून धोंडू, दगडू ठेवत. त्यात निदान जीव वाचवायची धडपड होती. ‘नको असलेली’ म्हणून ठेवलेल्या नकुशीत तेही नाही. सातारा जिल्ह्यात २०११ साली अडीचशेहून जास्त नकुशींना नवी नावं दिली गेली, ते योग्यच झालं. नाव कुणी, कशासाठी ठेवलं होतं, हे आधी विचारावं.

म्हणून आजीलाच विचारायला गेले, तर ती म्हणाली, “माझं नको गं ते नाव.” 

वडील लवकर गेल्यामुळे ती काकांकडे वाढली. “रखे, पाणी आण. रखे, ऊठ. दिवसभर रखे, रखे. ताटात सुमती लिहिलेलं पाहिलं ना, तेव्हा वाटलं, सुटले.” मी गप्प झाले. सासरी बाईचं नाव बदलतात म्हणून मी किती चिडले होते, आणि हिला त्याच नावाने मोकळं केलं होतं. विषय मी सोडून दिला.

दरम्यान पत्रिका आली. चित्रा नक्षत्र, दुसरं चरण, अक्षर ‘पो’. सासूबाई हवालदिल झाल्या, पण गुरुजींनीच सांगितलं की नावरस नाव पत्रिकेत राहू द्या, व्यवहाराचं वेगळं ठेवा.

कागदांची घाई करायची गरज नव्हती, हे सर्वांना सांगावंसं वाटतं. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, नावाची नाही. नावाची जागा रिकामी ठेवून नोंद होते आणि पुढे १२ महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं. मात्र ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या बाळांना शाळाप्रवेशापासून आधारपर्यंत हाच दाखला लागतो, म्हणून इंग्रजी स्पेलिंग आधीच नक्की करा. आम्ही आर, ए, के, एच, एम, ए असं कागदावर लिहून दहा जणांकडून वाचून घेतलं. शिवाय १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या महाराष्ट्रातल्या सरकारी कागदांत बाळाच्या नावानंतर आईचं, मग वडिलांचं नाव येतं. रखमाच्या पुढे माझं नाव जोडून मोठ्याने म्हणून पाहिलं, तेव्हा अंगावर काटा आला.

सव्वा महिना होत आला तरी बाळ नुसतं बाळच होतं. एका दुपारी झबल्याला बंद लावता लावता आजी म्हणाली, “मामा मला कधी रखे म्हणाला नाही. रखमा म्हणायचा, पूर्ण.” आणि थोड्या वेळाने, “ठेव तू. पण पूर्ण हाक मारायची. घरात कुणीही.”

बारशाला गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं, आत्याने कानात नाव सांगितलं आणि कुर्रर्र केलं. महिन्याभरात नावासकट दाखला हातात आला.

परवा माझा भाऊ आला आणि दारातूनच लाडाने ओरडला, “कुठंय आमची रखी?” आजीने सुई थांबवून त्याच्याकडे पाहिलं. तो चपला काढून आत आला, पाळण्याशी वाकला आणि म्हणाला, “रखमा.”