मांडावर गाडी लावू नये

निवृत्तीनंतर आम्ही दोघांनी कोल्हापुरात एक जुनी ट्रॅव्हलर विकत घेतली आणि तिच्यात झोपण्याची फळी, दोन शेगड्यांचा गॅस, ऐंशी लिटरची पाण्याची टाकी आणि छताला एक पंखा बसवून घेतला. आरटीओत 'मोटर कॅरव्हॅन' म्हणून तिची नोंद करण्यात जेवढे दिवस गेले, तेवढ्या दिवसांत दोन सहली झाल्या असत्या. गोव्याला जायचे ठरले तेव्हा ओळखीच्या सर्वांनी समुद्रकिनाऱ्यांची यादी दिली. आम्ही मात्र कालनिर्णय उघडून बसलो. गोव्यात हिवाळ्यात गावोगावी रात्रीच्या रात्री गाणे, भजन आणि नाटक चालते, त्याला तिकीट नसते आणि ज्याला तिकीट नसते त्याचे वेळापत्रकही छापलेले नसते. तारखा तिथीवर ठरतात, म्हणून पंचांग हाताशी असलेले बरे.

त्रिपुरारी पौर्णिमेच्या दुपारी बेळगावहून चोर्ला घाट उतरून आम्ही साखळीत पोहोचलो. विठ्ठलापूरच्या विठ्ठलमंदिराजवळ वाळवंटी नदीत त्या रात्री सजवलेल्या नौका सोडतात. पूर्वी हा सोहळा लहान असावा, आता मोठा रंगमंच, रोषणाई आणि रेटारेटी असते. गाडी गावाबाहेर लावून आम्ही चालत गेलो, तासाभरात नदीपेक्षा माणसांचेच दर्शन अधिक झाले आणि निवेदकाचा आवाज ऐकून कान दुखू लागले. तरीही त्रिपुरासुराचा वध झाला, दिव्यांनी उजळलेल्या नौका अंधाऱ्या पाण्यावर सरकू लागल्या आणि पलीकडच्या काठावरून अचानक टाळ-मृदंगाचा गजर आला, तेव्हा पत्नीने माझा हात घट्ट धरला होता, हे नमूद केलेच पाहिजे.

तिथून फोंड्याकडे वळलो. या तालुक्यातल्या मोठ्या देवस्थानांजवळ गाडीत राहणाऱ्याची उत्तम सोय होते, कारण भाविकांसाठी अग्रशाळा, म्हणजे उतरण्याच्या खोल्या, असतात, न्हाणीघर आणि पाणी मिळते, आणि कार्यालयात विचारून घेतले तर रात्रीपुरती गाडी आवाराबाहेर उभी करू देतात. मंगेशीला दर सोमवारी संध्याकाळी आरतीपूर्वी पालखी निघते. वाद्यांच्या साथीने पालखी प्रदक्षिणा घालते, लोक बाजूला उभे राहतात आणि अर्ध्या-पाऊण तासात सारे पुन्हा शांत होते. मास्टर दीनानाथ (जन्म १९००) आणि पंडित जितेंद्र अभिषेकी (जन्म १९२९) ही दोघेही याच मंगेशीची. ज्यांची एक भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातल्या ध्वनिमुद्रिकेवरून अवकाशात गेली, त्या केसरबाई केरकर याच तालुक्यातल्या केरीच्या. एवढ्याशा टापूत एवढे गाणे कुठून आले, असा प्रश्न मला नेहमी पडायचा. सोमवारच्या त्या पालखीपुढे उभे राहिल्यावर वाटले की, ज्या मुलाच्या कानावर दर आठवड्याला न चुकता आणि न मागता सूर पडत असेल, त्याला गाणे ही वेगळी शिकण्याची गोष्ट वाटतच नसेल. हा माझा तर्क आहे, त्यावर कुणी वाद घातल्यास माझी हरकत नाही.

खरी कथा पेडणे तालुक्यातली आहे. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथली जत्रा त्या गावाच्या मापाची आहे आणि तशीच राहावी, असे मला वाटते. तिठ्यावरच्या फलकावर 'जत्रोत्सवानिमित्त रात्रौ दशावतारी नाट्यप्रयोग' एवढे वाचून आम्ही दुपारी आत वळलो. देवळापासून थोड्या अंतरावर झाडांच्या सावलीत एक सपाट, स्वच्छ, मोकळी जागा दिसली. एका कडेला तुळशीवृंदावन होते. कॅरव्हॅनवाल्याला सपाट जमीन दिसली की त्याचे भान सुटते, कारण गाडी कलती असेल तर रात्रभर अंथरुणातून घसरत राहावे लागते. मी गाडी लावली, हँडब्रेक ओढला आणि चहाचे आधण ठेवले.

आधण उकळायच्या आत पायरीशी एक वृद्ध गृहस्थ येऊन उभे राहिले. सदरा पांढरा, खांद्यावर पंचा. आवाज अजिबात न चढवता ते म्हणाले, "हो मांड. हांगा गाडी लायनात." मग माझा चेहरा पाहून मराठीत म्हणाले, "हा मांड आहे. इथे गावातल्या बायका पौषात धालो खेळतात, म्हणजे ओळी करून गात नाचतात. इथे चपला घालूनसुद्धा कुणी येत नाही." मी खाली पाहिले. माझ्या पायांत चपला होत्या, गाडीला सहा टायर होते.

ती जमीन सपाट होती, ती कुणीतरी वर्षानुवर्षे सपाट राखली होती म्हणून. हे मला आधी सुचायला हवे होते. क्षमा मागून गाडी हलवली. त्या गृहस्थांना गावात सगळे भाऊ म्हणत. त्यांनी आम्हाला शाळेमागची जागा दाखवली, विहिरीवरून पाणी भरू दिले आणि जाता जाता पत्नीला म्हणाले, "वहिनी, धालो बघायचे असतील तर पौषात या. साहेबांना मात्र गाडीतच बसावे लागेल."

रात्री नाटक सुरू व्हायला अकरा वाजून गेले. तोपर्यंत आम्ही दोघांनी गाडीत तीन तासांची झोप काढली होती, आणि गाडीचा खरा उपयोग मला त्या रात्री कळला. हॉटेलात उतरलेला माणूस अकरालाच घड्याळ पाहू लागतो, कारण त्याला अंधारातून परतायचे असते. आमचे अंथरूण दीडशे पावलांवर होते. देवळासमोरच्या मंडपात लोक चटया आणि गोधड्या घेऊन बसले होते, पुढे मुले लवंडली होती, बाजूला भज्यांची कढई तापत होती आणि अबोलीच्या वळेसरांची, म्हणजे गजऱ्यांची, टोपली घेऊन एक मावशी गर्दीतून फिरत होत्या.

दशावताराला नेपथ्य जवळजवळ नसते. मागे एक पडदा, पुढे एक बाकडे, बाजूला पायपेटी, मृदंग आणि झांज. ते बाकडेच सिंहासन होते, तेच पर्वत होते आणि तेच पलंग. आधी गणपती येतो, मागून रिद्धी-सिद्धी, मग वेद चोरणारा संकासुर. काळ्या वेषातला, लांब लाल जीभ बाहेर काढलेला हा राक्षस देवांच्या शुद्ध मराठीला मालवणीत उलट उत्तरे देतो आणि मुले त्याचीच वाट पाहत असतात. या पूर्वरंगानंतर मुख्य आख्यान सुरू होते. त्याची लिखित संहिता नसते. कथा ठरलेली असते, कोणी कुठे यायचे ते ठरलेले असते आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतात. त्यामुळे त्या रात्री कृष्णाने नारदाला विचारलेल्या एका प्रश्नात गावातल्या खचलेल्या पुलाचाही उल्लेख आला आणि मंडप हसून कोसळला. असला विनोद पुण्या-मुंबईच्या बंदिस्त नाट्यगृहात होऊच शकत नाही.

बाराच्या सुमारास ध्वनिक्षेपक बंद झाला. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकांना मनाई आहे आणि वर्षातले मोजके दिवस, जास्तीत जास्त पंधरा, राज्य सरकार ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते. २००० सालच्या नियमांतली ही तरतूद मला माहीत होती, पण तिचा असा परिणाम कधी पाहिला नव्हता. ध्वनिक्षेपक गेल्याबरोबर मंडपातले सारे लोक, कोणी काही न सांगता, चटया ओढत चार हात पुढे सरकले. आता नटाचा उघडा आवाज ऐकू येऊ लागला. दशावतारी नटाचा गळा विजेच्या आधीच्या काळासाठी घडलेला आहे, तो शेवटच्या रांगेपर्यंत सहज पोहोचत होता, आणि युद्धाच्या वेळी मृदंग आणि झांज चढत्या लयीत वाजू लागली तेव्हा माझ्या पाठीमागे झोपलेले एक लहान मूल उठून, डोळेही न उघडता, ताल धरू लागले. साडेबारा ते तीन हा त्या प्रयोगाचा सर्वोत्तम भाग होता, आणि साडेअकरालाच उठून गेलेल्या पर्यटकांच्या दोन मोटारींबद्दल मला मनापासून वाईट वाटले.

पहाटे चारच्या सुमारास आम्ही चहासाठी गाडीकडे आलो. रंगपट शाळेच्याच एका वर्गात होता. द्रौपदीचे काम करणारा नट, नऊवारीचा काष्टा एका हाताने सावरत, गाडीच्या पायरीवर येऊन टेकला. जवळून पाहिले तर रंगाखालून दिवसाची दाढी डोकावत होती आणि केसांतल्या गंगावनाला लावलेल्या तीन आकड्यांपैकी एक सुटत आला होता. तोंडाचा रंग प्रत्येक नट स्वतःच, पत्र्याच्या पेटीत टेकवलेल्या आरशात पाहून लावतो, असे त्याने सांगितले. "वयनी, साखर मातशी चड घाला हां," तो म्हणाला, म्हणजे थोडी जास्त. दुपारी सावंतवाडीकडे दुसरा प्रयोग होता आणि त्याआधी टेम्पोतच झोप काढायची होती. आमचे अंथरूण पाहून तो हसला आणि म्हणाला, "तुमचा नि आमचा बिऱ्हाड सारख्याच."

उजाडताना दहीहंडी फुटली, काला वाटला गेला आणि आरतीचे ताट आमच्यासमोर आले. फुकट म्हणून पाहिलेल्या या रात्रीचे पैसे कोणीतरी आधीच दिलेले होते. देवळाच्या फळ्यावर खडूने लिहिले होते की, हा प्रयोग गावातल्या एका कुटुंबाने नवस फेडण्यासाठी ठेवला आहे. म्हणजे कुणाच्या तरी मुलाचा आजार बरा झाला होता किंवा कुणाचे अडलेले काम झाले होते, आणि त्या आनंदात आम्ही अनोळखी माणसे भजी खात बसलो होतो. आम्ही ताटात पैसे टाकले, पण हिशेब काही जुळला नाही.

डिसेंबरात पणजीला सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल असतो. २०१६ पासून तो भरतो आणि त्यातले बहुतेक कार्यक्रम आधी नाव नोंदवले की विनामूल्य पाहता येतात. कार्यक्रम उत्तम होते, पणजीत गाडी लावणे अशक्य होते. आम्ही गाडी मांडवीच्या पलीकडे ठेवून बेतीहून फेरीबोटीने जात होतो. पायी जाणाऱ्याला ती फुकट असल्यामुळे नदीवरची ती काही मिनिटे हाही आमच्या लेखी एक कार्यक्रमच होता. सहा जानेवारीला रेइश मागुशच्या चर्चमध्ये तीन राजांचे फेस्त, म्हणजे चर्चचा उत्सव, झाले. मुकुट घातलेली तीन मुले फारच गंभीर चेहऱ्याने चालत होती, आणि बाहेर खाज्यांच्या राशीमागे तराजू धरून बसलेला विक्रेता आम्हाला पाहून ओळखीचे हसला. तो पेडण्याच्या जत्रेतही होता. आले आणि गूळ लावलेल्या त्या बेसनाच्या कांड्या जत्रेत आणि फेस्तात त्याच तराजूत तोलल्या जात होत्या. त्याने या वेळी मूठभर जास्त टाकल्या.

एक व्यावहारिक सूचना इथेच करतो. गोव्यात किनाऱ्यावर किंवा पर्यटनस्थळी उघड्यावर शेगडी पेटवू नये. २०१९ मध्ये कायदा कडक झाला, तेव्हा एकट्याला २,००० आणि गटाला १०,००० रुपयांपर्यंत दंड होता. स्वयंपाक गाडीच्या आत करावा आणि सांडपाणी टाकीतच साठवून योग्य जागी रिकामे करावे. मांडाच्या अनुभवानंतर आम्ही आणखी एक नियम केला आहे. जागा कितीही मोकळी दिसली तरी जवळच्या पसऱ्यात, म्हणजे किराणा दुकानात, आधी विचारतो. दुकानदाराला जागा कोणाची हेही ठाऊक असते आणि आज रात्री कुठे काय आहे हेही.

त्याच आठवड्यात पौष लागलेला असल्याने आम्ही पुन्हा भाऊंच्या गावी गेलो. या वेळी गाडी थेट शाळेमागे लावली. मांड शेणाने सारवलेला होता, तुळशीपुढे समई होती. पत्नीने गाडीतच चपला काढल्या आणि अनवाणी गेली. मी पायरीवर बसून राहिलो. झाडांमुळे दिसत काहीच नव्हते. नुसते ऐकू येत होते, एका ओळीतल्या बायकांनी गाण्याचे एक चरण म्हणायचे, समोरच्या ओळीने ते उचलायचे, आणि मधल्या क्षणी वाकलेल्या पावलांचा जमिनीवरचा एकसाथ आवाज. वाद्य कोणतेही नाही. भाऊ खुर्ची घेऊन माझ्याजवळ येऊन बसले. त्यांनाही तिकडे जायची मुभा नव्हती. "पंच्याहत्तर वर्षे मी हे असेच ऐकतोय," ते म्हणाले. "आई असायची तिकडे. मग बायको. आता सून."

पत्नी बाराच्या पुढे परतली, तिच्या केसांत अबोलीचा वळेसर होता आणि तळपायांना सारवणाची हिरवट माती लागली होती. तिला ओळीत घेतले होते, तीन वेळा चुकल्यावर शेजारणीने कंबरेला हात घालून तिला वाकवले होते. गाण्यातले काय कळले, असे मी विचारले. ते सांगायचे नसते, असे म्हणून तिने पाय न धुताच फळीवर अंग टाकले, आणि उद्या रात्रीपर्यंत गाडी इथून हलणार नाही, एवढे मात्र सांगितले.